पिनर: रेल्वेने उपनगर केलेलं गाव

पिनर हे लंडनच्या वायव्येचं उपनगर. तिथे जायला लंडनच्या बेकर स्ट्रीट स्टेशनवर गाडीत चढण्याआधी पाटी वाचा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनची अक्सब्रिजची गाडी हॅरो-ऑन-द-हिलनंतर वेगळ्या फाट्याने जाते, आणि गर्दीच्या वेळच्या ॲमर्शमकडच्या जलद गाड्या पिनरला थांबतच नाहीत. वॉटफर्डची गाडी धरली की प्रश्न मिटला. अक्सब्रिजच्या गाडीत बसलाच असाल, तर हॅरोला उतरून बदला. तिकिटाच्या दृष्टीने पिनर भाड्याच्या झोन 5 मध्ये येतं.

स्टेशनपासून जवळच हाय स्ट्रीट सुरू होतो आणि चढत चढत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी पोचतो. चर्च 1321 चं, पण पिनरला स्वतंत्र पॅरिशचा (चर्चच्या हद्दीचा) दर्जा मिळायला 1766 उजाडलं; तोवर गाव हॅरोच्या पॅरिशमध्ये मोडायचं. आवारातलं एक चमत्कारिक स्मारक चुकवू नका: उंच, निमुळत्या दगडी बांधकामातून शवपेटीची टोकं अधांतरी बाहेर आलेली. बागकामावर लिहिणारे जॉन क्लॉडियस लाउडन यांनी ते आईवडिलांसाठी उभारलं. देह जमिनीच्या वर असेपर्यंत इस्टेट घराण्यात राहील, अशी अट होती म्हणे. दंतकथा झकास आहे, पण दफन खालीच झालंय.

रेल्वे 1885 मध्ये आली. गाव मात्र लगेच बदललं नाही. खरी घरबांधणी पहिल्या महायुद्धानंतरची. रूळ टाकून उरलेली जमीन इतर रेल्वे कंपन्यांना सहसा विकून टाकावी लागे. मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीने ती राखून विकसित करायची मुभा मिळवली होती. इथली सेसिल पार्क ही वसाहत त्याचा सुरुवातीचा नमुना. 1915 पासून कंपनी या पट्ट्याची ‘मेट्रो-लँड’ या नावाने जाहिरात करू लागली आणि 1919 मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीच निघाली. गिऱ्हाइकाला विकायचं होतं ‘खेडं’, त्यामुळे नव्या घरांनाही जुन्या लाकडी सांगाड्याचा मुखवटा चढवला गेला.

खरं-खोटं ओळखायला हाय स्ट्रीटवरचा ‘क्वीन्स हेड’ पब आधी बघा, मग आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये शिरा. जुन्या इमारतीत लाकूडच भार पेलतं: तुळया जाड, थोड्या वाकड्या, सांध्यांत लाकडी खुंट्या, कुठे वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला. 1920-30 च्या जोडघरांवर सरळसोट पातळ फळ्या विटांच्या भिंतीवर नुसत्या ठोकलेल्या असतात, तीही बहुधा दर्शनी त्रिकोणापुरत्या. काळ्या रंगावर विसंबू नका. जुन्या लाकडाला काळं फासायची हौसही बरीच नंतरची!

जत्रेची परवानगी 1336 ची, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने दिलेली. जत्रा अजून भरते, मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या (सार्वजनिक सुट्टीच्या सोमवारनंतरच्या) बुधवारी. त्या दिवशी मधले रस्ते बंद असतात, पाळणे थेट हाय स्ट्रीटवर उभे राहतात. इमारती निवांत बघायच्या असतील, तर तो बुधवार टाळा.