सासवड ते जेजुरी, एवढंच

केमोच्या गोळ्या चौदा दिवस, मग सात दिवस सुट्टी. नेमक्या त्या सुट्टीत माउलींची पालखी सासवडहून निघत होती. डॉक्टरांना म्हटलं, ‘सोळा-सतरा किलोमीटर तर आहेत.’ ते म्हणाले, ‘निम्मे ट्रकमधून. मास्क, उकळलेलं पाणी. आणि ताप १००च्या वर गेला तर विठोबाला नंतर सांगा, आधी मला.’

आजार तिसऱ्यांदा उलटलाय. पहिल्या खेपेला घरी माणसं मावत नव्हती. आता फोन येतात ते ‘पथ्य नीट पाळलं नव्हतंस का गं?’ विचारायला. दिंडीत मात्र विणेकरी बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, ‘आलीस? लाग ओळीत.’ बस्स. माझी जागा तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी. दोन वर्षं मी नव्हते, तरी तिथे कुणी कायमचं घुसलं नव्हतं. वारकऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक सगळेच करतात. मला तेव्हा फक्त रडू आलं.

पूर्वी मी डोक्यावर तुळस घेऊन चालायचे. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो, वजन उचलायचं नाही. आता वृंदावन बीडकडच्या एका सुनेकडे आहे. यमाई शिवरीच्या अलीकडे ती माझ्या मागे आली, वृंदावन माझ्या डोक्यावर टेकवलं आणि एक अभंग संपेपर्यंत स्वतःच्या हातांनी तोलून धरलं. तिचे खांदे भरून आले असणार. मी विचारलंही नाही.

शिवरीच्या विसाव्यानंतर मी मुकाट्याने ट्रकमध्ये बसले. सामानाच्या गाठोड्यांवर, पातेल्यांच्या खडखडाटात. गावाच्या अलीकडे पुन्हा उतरले, कारण जेजुरीत ट्रकमधून शिरणं बरं दिसत नाही. येळकोट येळकोट म्हणत पालखीवर भंडारा उधळला, तेव्हा माझा मास्क पिवळाधमक झाला. बदलायला दुसरा होता, पण तासभर बदलला नाही. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

राहुटीत पाय गार पाण्यात सोडून बसले. गोळ्यांनी तळवे लालबुंद होतात, कातडी सोलते. एक आजी वाकून बघत म्हणाली, ‘पायाला मेंदी काढलीस व्हय?’ गोळ्यांचं सांगितलं. ‘आत्ता गं बाई! गोळी पोटात न् रंग तळपायाला!’ आणि माझं मलम उचलून तिने आपल्या टाचेच्या भेगेत बोटभर भरलं. मग शेजारणीने घेतलं, मग तिच्या जावेने. मीही एकेकीच्या टाचा बघत बसले. त्या भेगांत रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं. साडेतीनशे रुपयांची ट्यूब, अर्ध्या तासात चपटी.

‘गुण हाय याला,’ आजी म्हणाली. ‘पुढच्या साली दोन आण.’

मी ट्यूबचं टोपण शोधत राहिले. सतरंजीखाली सापडलं.