ट्वार्क आणि नुसत्या आकड्यांच्या फायली

रिसर्चसाठी सोशल मीडियाचा डेटा कसा गोळा करायचा असं कुणी विचारलं की मी अजूनही ट्वार्कपासूनच सुरुवात करतो, आता ते टूल फुकटात फारसं चालत नाही हे माहीत असूनही. कारण या धंद्यातल्या सगळ्या खाचाखोचा त्या एका टूलमध्ये दिसतात.

तर ट्वार्क म्हणजे ट्विटरवरून ट्विट्स गोळा करणारं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं कमांड लाईन टूल. बटणं वगैरे काही नाही, कमांड टाईप करायच्या; टर्मिनलमध्ये पिप (पायथनचा इन्स्टॉलर) वापरून इन्स्टॉल करायचं, ट्विटरकडून मिळालेल्या कीज (पासवर्डसारखे कोड) एकदा भरायच्या, मग ट्वार्क सर्च लिहून पुढे हवा तो शब्द टाकायचा, की हे लागलं कामाला. एका ओळीत एक ट्विट असं फाईलमध्ये ओतत जातं, आणि नुसता मजकूर नाही तर कुणी लिहिलं, कधी, कुणाला उत्तर म्हणून, सगळंच जेसन नावाच्या, प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये. पुढे त्यात शोधायला-चाळायला ग्रेप करा नाहीतर जेक्यू लावा, तुमची मर्जी.

हे एड समर्सचं काम, लायब्ररी आणि आर्काइव्हच्या (जुने दस्तऐवज जपणाऱ्या संस्थांच्या) जगातला प्रोग्रामर. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसनला (आपल्याला पुण्यातला रस्ता आठवतो, पण हे अमेरिकेत सेंट लुईसजवळचं गाव) मायकल ब्राउन या १८ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळी घालून मारलं, लोक रस्त्यावर उतरले आणि सगळी चर्चा ट्विटरवर. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनला अमेरिकेतल्या आर्काइव्हवाल्यांचं अधिवेशन चालू होतं, तिथे विषय निघाला की हे सगळं जपून ठेवणार कोण. समर्सने ट्वार्क लावलं आणि १ कोटी ३० लाखांच्या वर ट्विट्स गोळा झाले.

आता यात गंमत काय ते बघा. त्या वेळच्या नियमाने एका युजरला १५ मिनिटांत ट्विटरकडे १८० रिक्वेस्ट (म्हणजे डेटाची मागणी) करता यायच्या, एका रिक्वेस्टला जास्तीत जास्त १०० ट्विट्स, म्हणजे १८ हजार. या वेगाने १ कोटी ३० लाख आणायला साडेसात दिवस लागतात, आणि सर्च मागे जायचं साधारण सातच दिवस! म्हणजे तुम्ही पुढून गोळा करताय आणि मागून पुसलं जातंय. लिमिट संपली की ट्वार्क आपलं आपण थांबतं, वेळ झाली की परत सुरू होतं, ऐकायला किरकोळ वाटतं पण रात्रभर स्क्रिप्ट लावून झोपता येणं ही काय चीज आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ट्विटरच्या नियमांनुसार गोळा केलेले ट्विट्स जसेच्या तसे सगळ्यांसाठी नेटवर टाकता यायचे नाहीत, पण त्यांचे आयडी, म्हणजे प्रत्येक ट्विटचा नंबर, देता यायचे. मग ट्वार्कमध्ये डिहायड्रेट कमांड, फाईलमधून फक्त आयडी काढून ठेवायचे, आणि ज्याला डेटा हवा त्याने हायड्रेट करून ट्विटरकडून परत भरून घ्यायचे. मधल्या काळात कुणी ट्विट डिलीट केलं असेल तर ते येतच नाही. बरेच रिसर्चवाले यावर चिडायचे, डेटासेट दरवेळी लहान होतो म्हणून. मला मात्र हे बरोबरच वाटतं. आंदोलनात भरात काहीतरी लिहिलेल्या पोराला उद्या ते पुसावंसं वाटलं तर पुसू दे की. आणि भीती काही हवेतली नव्हती, २०१६ मध्ये एसीएलयू या अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या संस्थेने उघड केलं की जिओफीडिया नावाची कंपनी सोशल मीडियाचा डेटा वापरून आंदोलनांवर नजर ठेवायची सेवा पोलिसांना विकत होती.

(त्या आयडीच्या फायली एक्सेलमध्ये उघडू नका, प्लीज. एक्सेल १५ अंकच धरतं, ट्विटचा आयडी १८-१९ अंकी, शेवटचे अंक गुपचूप शून्य होतात. सेव्ह केलं की संपलं.)

जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने ॲकॅडमिक लोकांना जुनं सगळं अर्काइव्ह खुलं केलं, महिन्याला १ कोटी ट्विट्स, फुकट. त्यासाठी ट्वार्कची दुसरी आवृत्तीही आली. दोन वर्षं चैन होती. मग २०२३ मध्ये फुकटची सोय बंद, तेव्हा बेसिक प्लॅन महिन्याला १०० डॉलरचा होता आणि त्यात वाचायला १० हजार ट्विट्स मिळायचे. त्या हिशेबाने फर्ग्युसनचा तो आयडीचा गठ्ठा भरायचा म्हटलं तर शंभर वर्षांच्या वर लागली असती. तो अजून आहे, डाउनलोडही होतो, पण उघडणार कशाने? पुसायचा हक्क लोकांना द्यायचा म्हणून केलेली रचना, तिची किल्ली कंपनीकडेच राहिली आणि कंपनीने भाव लावला. तरीही सगळं कच्चं सरसकट नेटवर टाकायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, पूर्ण फायली एखाद्या युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये अर्ज करून बघता येतील अशा ठेवाव्यात, एवढंच.

मराठीवर काम करायचं असेल तर मी आता यूट्यूबच्या कमेंट्सकडे वळा म्हणतो. पॅरिसच्या सियाँस पो मधल्या मेदियालॅबचं मिनेट नावाचं कमांड लाईन टूल आहे, त्यात सोय आहे. गूगल रोज १० हजार युनिट (वापर मोजायचं माप) फुकट देतं, कमेंट्सचं एक पान एका युनिटला, त्यात १०० पर्यंत कमेंट्स. पण सर्च त्यातून करत बसू नका, एका सर्चला १०० युनिट जातात, व्हिडिओंची यादी हाताने करा. आणि भाषेचा फिल्टर लावून मराठी वेगळी काढू म्हणाल तर विसरा, निम्मी जनता इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते.