तुम्ही विचारलंत म्हणून: मी चाकूपासूनचा बचाव का शिकवत नाही

इतकी वर्षे ज्यूदो शिकवणारी बाई चाकूपासूनचा बचाव शिकवायला नकार देते, याचा अर्थ ती एकतर हेकेखोर आहे किंवा आळशी, असा समज करून घेतलेले लोक मला वरचेवर भेटतात. पालक विचारतात, एक दिवसाची शिबिरे भरवणारे विचारतात, आणि अलीकडे माझे स्वतःचे वरच्या पट्ट्यांचे विद्यार्थीही विचारू लागले आहेत. विद्यार्थ्यांचा मुद्दा सर्वांत बिनतोड असतो: चाकूपासूनचा बचाव तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे, मग अडचण कसली?

अभ्यासक्रमात तो आहे, हे खरे आहे. ज्यूदोची मूळ संस्था कोदोकान हिने 1956 साली गोशिन जुत्सु हा स्वसंरक्षणाचा काता, म्हणजे जोडीने करायचा ठरलेल्या तंत्रांचा क्रम, निश्चित केला. त्यातल्या 21 तंत्रांपैकी शेवटची 9 शस्त्रांविरुद्धची आहेत: तीन चाकूची, तीन काठीची, तीन पिस्तुलाची. हा काता मला येतो आणि त्याची परीक्षाही मी दिली आहे. पण त्यात समोरचा जोडीदार ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, एकदाच वार करतो आणि पुढचे सगळे मला पार पाडू देतो. जीव घ्यायला आलेला माणूस मोकळ्या हाताने तुमची कॉलर धरतो, तोवर चाकू मांडीमागे लपवलेला असतो, आणि मग तो आखूड वार एकामागून एक करत राहतो. ओसोतोगारी, म्हणजे समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला पाडण्याची फेक, मला येते असे मी म्हणते, कारण ज्यांना अजिबात पडायचे नव्हते अशा माणसांना मी तिने पाडले आहे, आणि त्यांनीही मला पाडले आहे. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान स्थापन केले तेव्हापासून ज्यूदोचा जीव रांदोरीत, म्हणजे खऱ्या प्रतिकाराविरुद्धच्या सरावात आहे. चाकूच्या बाबतीत माझ्यापाशी असा सराव नाही. माझ्या कमरेचा काळा पट्टा मात्र हा फरक कोणाला सांगत नाही. मी जे दाखवीन ते सगळे सारख्याच खात्रीचे आहे, असे शिकणारा धरून चालतो. मला अडवते ते हेच.

आता ज्या प्रसंगामुळे हा प्रश्न मला टोचतो, तो सांगते. माझ्या प्रौढांच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. घरातल्याच एका पुरुषाने तिला चाकू दाखवून धमकावले होते. वर्ग संपल्यावर थांबून तिने मला हे सांगितले आणि बचाव शिकवण्याची विनंती केली. मला ते येत नाही, असे मी स्पष्ट सांगितले. कायदेशीर मदत कुठे मिळेल तेही सांगितले. ती ऐकून गेली, आणि दुसरीकडे एक दिवसाचे शिबिर करून आली. आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. जे शिकले ते एकदा तपासून द्या, म्हणाली.

तिला दोन्ही मनगटांची फुली करून वार अडवायला आणि मग हल्लेखोराचा हात पिरगाळून चाकू पाडायला शिकवले होते. सावकाश केले तेव्हा ते सुरेख जमले. मग मी माझ्या सहायक प्रशिक्षिकेच्या हातात एक लाल मार्कर दिला आणि सांगितले की तो मांडीशी धरून बोलत बोलत जवळ जा, डाव्या हाताने कॉलर धर आणि थांबू नकोस. काही सेकंदांतच सगळे आटोपले. फुली एकदा झाली, तीही उशिरा. त्या पांढऱ्या जाकिटावर बरगड्यांखाली रेघांचा गुंता झाला होता, दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला आडवे फराटे होते, एक ठिपका तळहाताच्या मधोमध होता आणि एक रेघ कानाखालून गळ्याकडे उतरली होती. तिने बाही उलटून पाहिली आणि म्हणाली, “ताई, तिथून आल्यापासून मला निदान झोप लागत होती.” मग तिने विचारले, “आता तुम्ही सांगा, मी काय करू?” अंतर ठेव, मध्ये टेबल किंवा खुर्ची राहू दे, दार गाठ आणि पळ, असे मी सांगितले. “घरातल्या घरात कुठं पळू?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर ती वर्गाला आली नाही. मी फोन केला तेव्हा आपण सुखरूप असल्याचे तिने सांगितले आणि विषय बदलला.

ती कसोटी घेणे योग्यच होते, असे मी आजही म्हणेन. जी खात्री पहिल्याच झटक्यात कोसळते, ती मार्करसमोर कोसळलेली बरी. पण एखाद्या घाबरलेल्या माणसाचा धीर काढून घेतल्यावर पुढे काय करायचे, याचे शिक्षण तरी मला कोणी दिले होते? आपल्या मर्यादेबाहेरचे शिकवायचे नाही, हा माझा नियम मी पाळला खरा. पण त्या संध्याकाळी मी मर्यादेच्या आतच होते, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मी नव्याने शिकवू लागले तेव्हा याच्या उलट बोलत असे: काहीच न येण्यापेक्षा थोडे येणे बरे. त्या काळच्या मला आज गप्प करावेसे वाटते, पण ती सहज गप्प होणारी नाही, कारण तिच्या बाजूने पुरावा आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांमध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींना केवळ 12 तासांचे प्रशिक्षण दिले गेले. 2015 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पुढच्या वर्षभरात बलात्कार होण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात 5.2 टक्के, तर दुसऱ्या गटात 9.8 टक्के होते. म्हणजे थोडक्या तासांचे शिक्षण व्यर्थ असते, हा युक्तिवाद मी करू शकत नाही, आणि करतही नाही. मात्र त्या तासांमध्ये होते काय, तेही पाहावे: ओळखीच्या पुरुषाकडून असलेला धोका वेळीच ओळखणे, भिडेपोटी गप्प न बसणे, तोंडाने आणि शरीराने ठाम प्रतिकार करणे. आणि शिकवणाऱ्यांना खास त्याच कामासाठी तयार केले होते. प्रश्न शिकणाऱ्याच्या तासांचा जितका आहे, त्याहून अधिक शिकवणाऱ्याच्या तयारीचा आहे.

नकार म्हणजे जबाबदारी झटकणे, असे म्हणणाऱ्यांना मी कानोंचेच उदाहरण देते. 1930 साली त्यांनी ऐकिदो या युद्धकलेचे जनक मोरिहेई उएशिबा यांचे प्रात्यक्षिक पाहिले आणि स्वतःच्या शिष्यांना त्यांच्याकडे शिकायला पाठवले. मिनोरू मोचिझुकी त्यांपैकीच एक. कानो तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांची पद्धत जगभर पोहोचली होती. त्यांनी उएशिबांचे ते तंत्र जुजबी पाहून आपल्या नावावर शिकवले असते, तर कोण हरकत घेणार होते? मला मात्र कोणाकडे पाठवायचे हेच अनेकदा कळत नाही, आणि तिथे हे उदाहरण अपुरे पडते.

म्हणून मी स्वतः शिकायला जाऊ लागले आहे, मार्कर आणि रबरी चाकूंनी, पूर्ण प्रतिकारासह सराव करून घेणाऱ्या एका प्रशिक्षकाकडे. आता तरी शिकवाल ना, असे विद्यार्थी विचारतात. मी होकार दिलेला नाही. त्या प्रशिक्षकाच्या हातीही सरावात रबरच असते, खऱ्या पात्याला त्यांनी कधी तोंड दिलेले नाही, आणि हे ते पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगतात. इतके सांगून टाकल्यावर शिकवणे रास्त ठरते का, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.