सोफ्याच्या गाद्यांना नव्या खोळी: माप फोमचं घ्या

खोळ ढगळ बसली की दोष शिलाईला दिला जातो. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते: जुनी खोळ उसवून, तिच्यावर ठेवून नवी कापलेली असते. जुनी खोळ बसून बसून ताणलेली असते, नाहीतर धुऊन धुऊन आटलेली. माप फोमचं घ्यायचं, तेही कडेला आणि मधोमध दोन्हीकडे. ४ इंची फोम मधोमध साडेतीनच्या खाली आला असेल तर आधी फोम बदला. दबलेल्या फोमवर कितीही नेटकी खोळ चढवली तरी मधे चुण्या पडणारच.

आता २२ × २२ इंची, ४ इंच जाडीची गादी धरू. वरचा आणि खालचा तुकडा साडेबावीस इंची चौकोन कापायचा. अर्धा इंच माया (शिवणीच्या आत जाणारं कापड) सगळीकडून गेली की तयार माप साडेएकवीस होतं, म्हणजे फोमपेक्षा अर्धा इंच कमी. हे मुद्दाम. एवढ्या तंगीने फोम खोळीला आतून ताणून धरतो. रेक्झिनला मात्र ही तंगी देऊ नका, ते सैल पडत नाही; आणि उसवलं की सुईची भोकं कायमची राहतात.

बाजूची पट्टी ५ इंच रुंद. ती अखंड नसते, कारण मागच्या बाजूला चेन येते. पुढचा तुकडा ५९ इंच लांब. चेनसाठी साडेतीन इंच रुंद, २९ इंच लांब अशा दोन पट्ट्या. त्या दोन्ही १ इंच माया ठेवून लांब टाक्यांनी कच्च्या जोडायच्या, माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करायची, त्या शिवणीवर चेन पालथी ठेवून दोन्ही बाजूंनी टीप घालायची आणि मग कच्चा दोरा उसवायचा. या पट्टीची रुंदी आपोआप ५ इंच होते. दोन्ही तुकडे टोकांना अर्धा इंच माया धरून जोडले की घेर ८६ इंच, म्हणजे साडेएकवीसची चौपट. चेन दोन्ही कोपऱ्यांवरून सुमारे ३-३ इंच वळते. एवढी वळली नाही तर फोम आत जाताना चेनचं टोक फाटतं. मीटरवर मिळणारी चेन घेतली असेल तर टोकं शिवण्याआधी रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) चढवा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण विसरलं की सगळं उसवावं लागतं.

कापड ५४ इंच पन्ह्याचं असेल तर ५ गाद्यांना साडेचार मीटर पुरतं. कॅनव्हास किंवा केसमेंट असेल तर ५ मीटर घ्या आणि कापायच्या आधी धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. जास्तीच्या कापडातून गोटाच्या, म्हणजे कडेच्या शिवणीत घालायच्या किनारीच्या पट्ट्या निघतात: उरेब (तिरप्या कापलेल्या), दीड इंच रुंद. सरळ धाग्यावर कापलेला गोट कोपऱ्यावर वळत नाही, चिमटतो. मखमल असेल तर हात फिरवून लव कुठल्या बाजूला झोपते ते पाहा आणि सगळे तुकडे त्याच दिशेने कापा. एखादा उलटा गेला तर तेच कापड दोन रंगांचं वाटतं.

पट्टीवर दर साडेएकवीस इंचांवर, दोन्ही काठांना समोरासमोर छोट्या खाचा मारा. वरचा तुकडा लावताना कोपरे या खाचांवर आले आणि खालचा लावताना अंदाजाने गेला, तर तयार खोळ पीळ घेते. मग कितीही ओढा, गोट सरळ रेषेत येत नाही. या एका दुर्लक्षामुळे नवशिक्याची खोळ लांबूनही ओळखू येते.

कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबायचं. सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा. फक्त पट्टीच्या मायेला टिपेच्या अलीकडेपर्यंत कात्रीने काप द्यायचा, मग कापड वळवायचं. फोमचे कोपरे वापरून गोल झालेले असतील तर खोळीचा कोपराही किंचित गोल शिवा, नाहीतर तिथे रिकामे कान उभे राहतात. गोट आणि चेन एकत्र येतात तिथे बरेच थर होतात. तिथे मोटर किंवा पायडल न वापरता हाताने चाक फिरवा. साध्या जाड कापडाला १६ नंबरची सुई, फारच जाड असेल तर १८. दोरा पॉलिस्टरचा. टाके सुटायला लागले तर टेन्शनच्या चाकाशी खेळण्याआधी सुई बदलून बघा, बोथट सुई हे नेहमीचं कारण.

शेवटची शिवण घालण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची. बंद राहिली तर खोळ सुलट करता येत नाही.

चढवताना फोम कापडाला चिकटून बसतो आणि अस्तर नसलेली खोळ वेडीवाकडी ओढली जाते. फोमला मांजरपाटाची साधी खोळ घातली तर उत्तम. ती नसेल तर फोमवर पातळ प्लास्टिकची मोठी पिशवी चढवा, फोम मधोमध दुमडून आत सरकवा, चारही कोपरे बोटांनी जागेवर बसवा आणि पिशवी चेनच्या तोंडातून ओढून काढा.