उकाड्यातलं रात्रीचं जेवण

रात्रीचे साडेदहा वाजलेत. खिडक्या सताड उघड्या आहेत, पण वाऱ्याचा पत्ता नाही. भिंतीला हात लावला तर अजून कोमट लागते. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते परत सोडत बसतं. उष्णतेच्या लाटेत दुपारच्या आकड्यांचीच चर्चा जास्त होते, पण माणसाला खरं थकवतात त्या या रात्री. रात्री गारवा मिळाला तर शरीर सावरतं. तो नाही मिळाला की आजचा शीण उद्याच्या उन्हात तसाच जातो.

संध्याकाळी ताईचा फोन. हल्ली आमचं बोलणं ठरलेलं असतं: तुमच्याकडे किती होतं, झोप लागली का, जेवायला काय केलंस. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं रोज आखूड होत चालली आहेत. आज ती म्हणाली, "भात, दही, काकडी. विषय संपला."
"आमच्याकडे भातसुद्धा सकाळचाच."
"फ्रीजमध्ये ठेवला होतास ना?"

तिचा प्रश्न बरोबर होता. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर कोमट राहिला की जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजलेलं अन्न एरवी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. मी भात पसरट भांड्यात काढते, म्हणजे लवकर निवतो.

"काहीतरी साधंच कर" हे वाक्य मात्र या दिवसांत मला सोसत नाही. म्हणणारा बाहेर पंख्याखाली असतो. साध्या डाळ-भात-भाजीलाही तीन भांडी आणि पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ कुणीतरी ओट्यापाशी उभं असतं. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्यात जातच नाही, स्वयंपाकघरात पसरते. जी भांड्यात जाते तीही बरीचशी वाफ होऊन बाहेर येते, आणि ही वाफच जास्त छळते. घामाने गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता ओघळतो. भिजलो तरी गार होत नाही, असा दुहेरी तोटा.

म्हणून आता जे काही शिजवायचं ते पहाटेच. डाळी आधी भिजवून, भांड्यावर झाकण ठेवून. संध्याकाळी फक्त चिरायचं आणि कालवायचं. काकडीत ९५ टक्के पाणी, कलिंगडात ९० च्या वर. एवढ्यावर पोट भरत नाही हे खरं, पण या हवेत भूकही कुठे लागते? प्रथिनं पचवताना त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते, पिष्टमय पदार्थांची ५ ते १० टक्केच. मांसाहाराच्या भरगच्च जेवणानंतर अंगातून वाफा निघाल्यासारखं वाटतं ते काही उगाच नाही.

ताईच्या सासूबाई तहान लागली असं कधी म्हणतच नाहीत. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे "पाणी हवं का" असं विचारून उपयोग नसतो. ताई सरळ पेला हातात देते आणि संपेपर्यंत समोरून हलत नाही. हे मला आवडलं. आमच्या शेजारच्या आजोबांकडेही उद्यापासून दुपारी एक चक्कर मारायची ठरवलं आहे.

जेवताना मुलगा कुरकुरला, "रोज रोज हेच?" मी म्हटलं, "गरम हवं असेल तर ओटा मोकळा आहे." तो खरंच गेला, दोन अंडी तळली आणि घामाघूम होऊन बाहेर आला. पंख्याखाली उभ्यानेच खाल्ली. मग भाताचं भांडं पुढे ओढून म्हणाला, "दही आहे का अजून?"