बाटल्यांचं घर

डेथ व्हॅलीहून परतताना आज मुद्दाम वाट वाकडी करून ऱ्हायोलाइटला गेलो. नेवाडातलं हे सोन्याच्या खाणींचं गाव, आता पार ओसाड. १९०४ साली शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना इथल्या डोंगरात सोनं सापडलं. दगड हिरवट, ठिपकेदार, अगदी बेडकाच्या पाठीसारखा, म्हणून खाणीचं नाव ठेवलं बुलफ्रॉग! जिथे पाणी पिंपांतून विकत घ्यावं लागे, त्या वाळवंटात बेडकाचं नाव. त्या माणसांचा हा मिश्किलपणा मला फार आवडला.

पण जीव अडकला तो टॉम केलीच्या घरात. लाकूड दुर्मीळ, गुत्ते मात्र रग्गड. मग या म्हाताऱ्याने १९०६ च्या सुमारास रिकाम्या बाटल्या मातीत रचून भिंतीच उभ्या केल्या. जवळजवळ ५० हजार बाटल्या, बहुतेक बिअरच्या! आणि घर झाल्यावर स्वतः राहिलाच नाही, सोडत काढून देऊन टाकलं.

पुढे पोर्टर बंधूंच्या दुकानाची नुसती दर्शनी भिंत उरलीय. खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचा डोंगर दिसतो. इथे पीठ, फावडी, बूट घ्यायला झुंबड उडत असणार. कुक बँकेची तीन मजली इमारतही तशीच, बिनछपराची. १९०७ च्या मंदीनंतर गाव उतरणीला लागलं, १९१६ मध्ये वीजही तोडली.

लेकीला हात धरून ओढून न्यावं लागलं. ऊन कललं होतं आणि कुंपणापलीकडे बाटल्यांची बुडं चमकायला लागली होती.