न घेणाऱ्यांचा रकाना

शनिवार, रात्री

धाकटीच्या रिसेप्शनच्या ड्रिंक्सचा हिशोब आज अखेर मांडायला घेतला. हॉल, जेवण, फुलं, फोटो, सगळ्याचे आकडे ठरून महिना झाला. हा एकच रकाना दर वेळी ‘बघू नंतर’ म्हणून मागे राहत होता. बाबांचं म्हणणं एकच, "काही झालं तरी कमी पडता कामा नये." धाकटी म्हणते, "ताई, कर्ज काढून कुणाला पाजायचं नाहीये मला." दोघांचंही मला पटतं, म्हणून तर वही माझ्याकडे आली.

पाहुणे १२०. एकेका नावापुढे खूण करत गेले. घेणारे ७० निघाले, न घेणारे ५०, त्यात मुलंही आली. कार्यक्रम ४ तासांचा. नेहमीचा ढोबळ अंदाज असा, की घेणारा माणूस पहिल्या तासात दोन घेतो आणि मग तासाला एक. म्हणजे एकाचे ५, सत्तर जणांचे ३५०. कुणी दोनावर थांबतो, कुणी सातवर जातो, पण एकूण बेरीज फारशी हलत नाही. हे मांडलं आणि मग लक्षात आलं, की कमी-जास्त होतं ते तासांमुळे. दोन-चार पाहुणे वाढले तर फरक किरकोळ, पण एक तास वाढला की ७० ग्लास वाढले. वधूवर फोटोंसाठी बाहेर आणि पाहुणे हॉलमध्ये उभे, हा जो अर्धा-पाऊण तास असतो, तो सगळा बारवर जातो. दुसरं करणार काय माणसं? फोटो आधी उरकून घ्यायचे, असं धाकटीला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली.

३५० पैकी वाइनचे १४० ग्लास धरले, बिअरच्या १४० बाटल्या, आणि बाकी ७० पेग. वाइनची बाटली ७५० मिलीची, १५० मिलीचा ग्लास, म्हणजे एका बाटलीत पाच. २८ बाटल्या. वहीत तर सोपं वाटलं. धाकटी म्हणाली, "करून बघूया का?" घरातली एक रिकामी बाटली काठोकाठ पाण्याने भरली आणि ओट्यावर ग्लास मांडले. मापाने ओतलं तर बरोबर पाच भरले. मग तिने माप बाजूला ठेवलं आणि कुणाला द्यावं तसं मोकळ्या हाताने ओतलं. चौथा ग्लास भरला तेव्हा बाटली रिकामी होती. पाण्याचे चार ग्लास आमच्यासमोर, दिसायला अगदी योग्य, कुणी म्हणणार नाही की जास्त ओतलंय. पण याच हाताने ओतलं तर २८ च्या जागी ३५ बाटल्या लागतात. सात बाटल्या नुसत्या हाताच्या सवयीत जातात.

पेगचं तर त्याहून सरळ आहे. ३० मिलीने ७० पेग म्हणजे ३ बाटल्यांत काम होतं, ६० मिलीने तेच ७० पेग ६ बाटल्या खातात. बार सांभाळणाऱ्याच्या हातात माप असलंच पाहिजे, आणि ते वापरायचं हे आधी बोलून ठेवायचं. यात कद्रूपणा नाही. ज्याला अजून हवा त्याने अजून घ्यावा, पण प्रत्येकाला न विचारता दुप्पट का द्यायचा?

टोस्टसाठी वेगळी शॅम्पेन मी काढून टाकली. १२० ग्लास, बाटलीला सहा धरले तर २० बाटल्या, आणि त्यातले कितीतरी ग्लास एक घोट घेऊन टेबलावर तसेच राहतात. ज्याच्या हातात जे असेल ते उंच करावं. शुभेच्छा त्याने उण्या होत नाहीत. बाबांना हे रुचलेलं नाही, पण ते अडून बसले नाहीत.

रविवार, दुपार

काल रात्री वही मिटली, पण झोप लागली नाही. कारण सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘सॉफ्ट ड्रिंक्स, पाणी, बर्फ – किरकोळ.’ हा ‘किरकोळ’ शब्द मीच लिहिला होता.

माझ्या स्वतःच्या रिसेप्शनला आत्या होती. ती घेत नाही. त्या दिवशी गार पाणी आणि सरबत दुसऱ्या तासातच संपलं, उरलेलं कोला कोमट झालेलं, आणि बर्फ होता तो सगळा बारकडे गेला होता. आत्या अडीच तास हातात रिकामा ग्लास धरून बसली होती. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, तेही बोलता बोलता. इतक्या वर्षांत तिने कधी तक्रार केली नाही. माझ्या फोटोंत ती आहे, ग्लासही आहे. फोटो काढून पाहिला आणि फार वाईट वाटलं.

मग आज पहिल्या पानापासून सुरुवात केली. न घेणारे ५०, त्यांनाही तासांचा तोच हिशोब लावला: माणशी पाच ग्लास, २५० मिलीचा एक, म्हणजे साधारण ६३ लिटर. हे पाण्याखेरीज. पाणी सगळ्यांनाच लागतं, घेणाऱ्यांना तर जास्तच, आणि मधूनमधून पाण्याचा ग्लास हाती आला तर बारचा वेगही आपोआप उतरतो. बर्फ माणशी किमान अर्धा किलो, म्हणजे ६० किलो. उकाडा असेल तर याच्या दीडपट. ग्लासात घालायचा बर्फ वेगळा, बाटल्या गार करायचा वेगळा. टबात नुसता बर्फ न टाकता त्यात पाणीही घालायचं. पाणी बाटलीला सगळीकडून लागतं, त्यामुळे बाटल्या लवकर गार होतात.

पण सगळ्या बाटल्या एकदम टबात बुडवायच्या नाहीत, हे मला आज दुकानात विचारल्यावर कळलं. न उघडलेल्या बाटल्या परत घेतात, मात्र लेबल भिजून सुटलेली बाटली परत घेत नाहीत. म्हणून तासाला लागतील तेवढ्याच बुडवायच्या, बाकी खोक्यात कोरड्या. ही परतीची सोय असेल तर जरा जास्त मागवायला हरकत नाही, बाबांची काळजीही मिटते.

हॉलवाल्यांनी दोन पर्याय दिलेत. एक माणशी ठरावीक रक्कम, दुसरा जेवढ्या बाटल्या उघडल्या जातील तेवढ्यांचे पैसे. पहिल्यात मन निर्धास्त राहतं, पण न घेणाऱ्या ५० जणांचेही घेणाऱ्यांएवढेच पैसे भरायचे. आमच्यासाठी दुसराच बरा. फक्त रिकाम्या बाटल्या फेकू नका, शेवटी आपण मिळून मोजू, हे लेखी घ्यायचं ठरवलंय. बाटल्या आपण आणल्या तर उघडलेल्या प्रत्येक बाटलीमागे ते कॉर्केज, म्हणजे बाहेरून आणलेली बाटली तिथे उघडण्याचा आकार, लावणार, त्याचा आकडा अजून आलेला नाही.

कार्यक्रम संपायच्या अर्धा तास आधी बार बंद, चहा-कॉफी सुरू. आणि पाहुण्यांना घरी सोडायला दोन गाड्या. गाड्यांचे पैसे मी प्रवासात न धरता ड्रिंक्समध्येच धरले. आपण पाजणार असू तर त्यांना नीट घरी पोहोचवणं हाही त्याचाच खर्च आहे.

टोस्टचे पैसे वाचले ते सगळे सरबतांकडे आणि बर्फाकडे वळवले. नव्या पानावर पहिला रकाना ‘न घेणारे – ५०’ असा केला, दारूचे रकाने त्याच्याखाली.

संध्याकाळी आत्याला फोन केला, तुला काय आवडेल म्हणून विचारलं. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "लिंबू सरबत चालेल गं. साखर कमी. आणि बर्फ असेल तर बर्फ."